कुंकवाच्या टिकल्या आणि सनई
रॉकेलचा वास आला की मला सोलापुरातल्या आमच्या ऑर्केस्ट्राची सत्तरच्या दशकातली एक खंडेनवमी आठवते. मालकांनी मुंबईहून सिंथेसायझर आणला होता. शिकवणारं कुणी नव्हतं, म्हणून मीच महिनाभर बटणं फिरवून फिरवून त्यातून सनई काढली. आवाज साठवायची सोय त्यात नव्हती, तेव्हा कुठलं बटण कुठवर फिरवायचं तिथं मी तेलात कालवलेल्या कुंकवाची टिकली लावून ठेवलेली. संध्याकाळचा कार्यक्रम सनईनंच सुरू व्हायचा, आणि आमच्या ढोलकीवाल्यानं पूजेसाठी यंत्र, बटणं कशीही फिरवत, रॉकेलनं लख्ख पुसून वर झेंडूचा हार घातलेला! "लई कळकट झालं हुतं की ओ ताई," तो कौतुकानं म्हणाला, "कुणीतरी कुंकू बी सांडलं हुतं." मालक म्हणाले, "आता सनई राहू द्या, पेटीवर भागवू." मी म्हटलं, "भागवताय कशाला? मी हाय की! आधी तो हार काढा." डोळे मिटून कानानंच शोधायला लागले. आधी बदक ओरडलं, मग गिरणीचा भोंगा झाला. तिसरं बटण जरासं मागं घेतलं आणि सनई बोलली. ढोलकीवाल्यानं न सांगताच ठेका धरला. ते यंत्र आज माझ्याकडंच असतं. खंडेनवमीला मी स्वतः ते लख्ख पुसते. त्यावर पुन्हा टिकली लावायची गरजच पडली नाही.