न काढलेला फोटो

आमच्या होस्टेलच्या खोलीतल्या तिघींच्या फोनांना जवसाच्या चटणीचा वास यायचा. याला जबाबदार ताई. पातूरकडच्या खेड्यातून अमरावतीला आलेली. मध्ये एकदा शिक्षण सुटून पुन्हा धरलेलं, त्यामुळे वर्गात सगळ्यांपेक्षा मोठी, म्हणून ताई. संध्याकाळी जेवणाआधी ती घरचा चटणीचा रिकामा डबा पुढे करायची, आमचे आणि स्वतःचा फोन त्यात टाकून झाकण लावायची. झोपेपर्यंत तो उघडायचा नाही.

ही काही जन्माची साध्वी नव्हती. पहिल्या सहामाहीत स्टेटसला फोटो टाकण्यापायी तिने माझ्या सगळ्या ओढण्या मळवल्या. दिवाळीत माझीच जीन्स नेऊन, वावरात उभं राहून फोटो टाकला. त्या साली बोंडअळीने सारा कापूस खाल्ला होता. वर्गातल्या एका शहाण्याने खाली लिहिलं, 'शेत वाळलं, पण पोज हिरवीगार.' हसणाऱ्यांची रीघ लागली. ताई सुट्टीवरून आली ती डबा घेऊनच.

सुरुवातीला आम्ही खूप कुरकुरलो. खोलीतल्या तिसरीला तर जेवताना डबा वाजल्याचे भास व्हायचे. मग हळूहळू कळलं की मेसची भाजी गरम असताना बरी लागते. एकमेकींच्या केसांना तेल लावणं, ताईचं बेसूर गाणं, उगाच गप्पा. कोण कुठे फिरायला गेलं, कोणाला किती लाइक मिळाले, याची जळजळ कधी थांबली ते समजलंच नाही. ताई भिंतीला टेकून पाय पसरायची आणि म्हणायची, "कोनी पाहून नाही राहिलं आपल्याले. कसं बरं वाटते." इतकं बरं मला नंतर कधी वाटलं नाही.

पुढच्या वर्षाची फी घरून येणार नाही, हे तिला ठाऊक होतं. नापिकीची झळ बसलेल्या मुलींची फी कॉलेज कोणा दात्याकडून भरून घेणार होतं, त्या यादीत तिचं नाव होतं. अट एकच. मंचावर पाहुण्यांच्या हातून पाकीट घ्यायचं, हसायचं, आणि तो फोटो कॉलेजच्या ऑनलाइन पानावर जाणार. ताई यादी करणाऱ्या सरांकडे गेली, मी सोबत होते. ऑफिसात गुपचूप द्या, म्हणाली. सर समजावत राहिले की फोटोने काही झिजत नाही, देणाऱ्यांनाही दाखवायला काही लागतं.

"सर, कापूस गेला हे मी कोनालेई सांगीन," ताई म्हणाली. "पन हात पसरलेला फोटो नाही देनार."

सरांनी नाव खोडलं. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, आणि मला अजून त्याचाच जास्त राग येतो.

उन्हाळ्यात ताई पेटी घेऊन निघाली. बसस्टँडसमोर कॉलेजचा भलामोठा फ्लेक्स लागला होता, 'आमच्या लाभार्थी कन्या.' रांगेत तिसरा चेहरा ताईचा. प्रवेशअर्जावरचा फोटो मोठा केलेला, कानावर शिक्क्याची निळी कड तशीच. मी फाडायला धावले, तर तिने माझा हात धरला. ती वर फोटोकडे बघत होती.

"राहू दे," ती म्हणाली. "ते फोटोतली तं शिकून राहिली ना तिथं."

डबा माझ्या हातात देऊन ती अकोल्याच्या गाडीत चढली. शिक्षण पुन्हा सुटलं, ते कायमचं.

संध्याकाळी फोन डब्यात टाकायला घेतला, तर वर्गाच्या ग्रुपवर तोच फ्लेक्स आला होता. खाली सगळ्यात आधी त्याच शहाण्याने लिहिलं होतं, 'आपल्या वर्गाची शान. अभिनंदन.'