सातवा स्टड

माझे सासरे, म्हणजे मामा, कुठलीही वस्तू फोडून बघितल्याशिवाय ती चांगली आहे असं मानत नसत. कोल्हापूरच्या शाहूपुरीत त्यांचं गुळाचं अडत दुकान होतं. सौद्याला आलेला रवा, म्हणजे गुळाची ढेप, फोडायचा, आतला दाणा उन्हात धरायचा, नाकाशी न्यायचा आणि मगच भावाबद्दल तोंड उघडायचं, यात त्यांचा जन्म गेला. गुळाच्या बाबतीत हे ठीकच होतं. पण मामांनी ही सवय दुकानाचा उंबरा ओलांडून घरी आणली आणि तिथून सगळ्यांचे हाल सुरू झाले.

शिवाजी पेठेतल्या त्यांच्या घरी कपबश्या कायम पाच असत. सहाचा संच आणला की मामा त्यातला एक कप फरशीवर आपटायचे, तुकडा उचलून आतून निरखायचे आणि म्हणायचे, "माल चांगला हाय." मग त्या चांगल्या मालातले उरलेले पाच कप सासूबाई निमूटपणे मांडणीवर ठेवायच्या. मी शैलाला बघायला गेलो तेव्हा आम्ही सहा जण होतो. पाच जणांना कपातून चहा मिळाला आणि नवऱ्या मुलाला स्टीलच्या पेल्यातून. पेला इतका तापला होता की मुलीकडे बघायचं सोडून मी तो कुठे टेकवता येईल हे बघत होतो.

मामांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. इचलकरंजीच्या शाळेत शिकवतो म्हटल्यावर "बरं" म्हणाले आणि उठून अंगणात गेले. अंगणात त्यांची गाडी होती. जुनी, काळी, गोल दिव्यांची. साखरपुड्याच्या दिवशी त्यांनी सगळ्या पाहुण्यांसमोर जाहीर केलं, "पोरगी माझ्याच गाडीतनं सासरला जाईल. मी चालवनार." लोकांनी कौतुकानं माना डोलावल्या. गाडीचं इंजिन त्या वेळी मिस्त्रीच्या टेबलावर सुटं होऊन पडलं होतं, हे कुणी विचारात घेतलं नाही. नव्वदच्या दशकात भाड्याच्या गाड्यांना काही तोटा नव्हता, पण शब्द बाहेर पडला होता आणि तो मामांचा होता.

मिस्त्री भला माणूस. त्यानं चूक केली ती एकच. तो मामांना म्हणाला, "अप्पा, इंजिन मी बांधतो, मेनचे स्टड तेवढे तुमी बघून आना." इंजिनाच्या पोटात जो क्रँक फिरतो, त्याला टोप्या घालून जागेवर धरून ठेवणारे आटे पाडलेले दांडे म्हणजे मेन स्टड. मामांच्या इंजिनाला सहा लागत. आटे स्वच्छ आहेत का बघायचं, काचेवर लोळवून सरळ आहेत का बघायचं, माप जुळवायचं आणि घेऊन यायचं. एका दुपारचं काम. मामांनी हे सगळं केलं आणि घरी येऊन सहातला एक शिकंज्यात धरला, करवतीनं खाच पाडली आणि घणानं मोडला. आतला दाणा उन्हात बघितला. नाकाशीही नेला, हे मी स्वतः पाहिलं आहे. "झकास," म्हणाले. माल झकास होता आणि पाच उरले होते.

सहावा दुसऱ्या खोक्यातला घालायला मामा तयार नव्हते. नवा संच आणायचा, त्यातला एक मोडायचा, पुन्हा पाच. कधी दाणा पसंत पडायचा नाही, तेव्हा निदान कारण तरी असायचं. फळीवर पाच-पाच स्टडच्या पुरचुंड्या साठत गेल्या आणि दोन दिवाळ्या उलटल्या. आमच्या आईनं माझ्यासाठी दुसरी स्थळं बघायला सुरुवात केली. तेव्हा मी चिडून कोल्हापूर गाठलं.

"मामा, माप एकच आहे. पाचात एक दुसरा घाला की."

"पावणं, दोन काहिलींत कढवलेला गूळ एका रव्यात भरतासा काय?"

"मी शिक्षक आहे मामा. मी गूळ नुसता खातो."

"म्हनून तर." मग जरा नरमाईनं म्हणाले, "क्रँक फिरतोय म्हनून त्याचं नाव हुतंय. त्याला धरून कोन बसलंय, ते कोन बघत न्हाय. मी बघतोय."

मला त्यांचा संताप आला. स्टडपायी हा माणूस दोन वर्षं उन्हात उभा होता आणि जावयासाठी त्याच्याकडे दोन मिनिटं नव्हती.

शेवटी मार्ग शैलानं काढला. मिस्त्रीकडून मापाला जुना स्टड मागून घेतला, उद्यमनगरात एका लेथवाल्याकडे गेली आणि एकाच सळीतून, एकाच भट्टीत तापवून, सात स्टड करून आणले. फडक्यात बांधून वडिलांपुढे ठेवले. "अप्पा, ह्यातला एक तुमचा. मोडा, चाखा, काय वाट्टेल ते करा. सहा मिस्त्रीचे." इतकी साधी गोष्ट आम्हा कुणाला सुचली नव्हती. मामांनी सातवा मोडला, बराच वेळ उन्हात धरला आणि म्हणाले, "हाय."

लग्न झालं. मामांनी गाडी स्वतः चालवत इचलकरंजीला आणली. आमच्या दारात बायका शैलाच्या गळ्यात पडून रडत होत्या आणि वधूपिता बॉनेट उघडून, आत डोकं घालून इंजिनाचा आवाज ऐकत होता. शैला म्हणते, अप्पांना तिला पाठवायचंच नव्हतं, स्टड हे निमित्त होतं. मुलींना असं वाटणं बरं असतं. मी तो माणूस जवळून पाहिला आहे. तो खरोखरच स्टड निवडत होता.

मामा गेले त्याच्या आदल्या उन्हाळ्यात त्यांना भेटायला गेलो होतो. अंथरुणाला खिळले होते, तरी आतून बघायला म्हणून उशाशी कलिंगड कापून ठेवलेलं. गाडी आता आमच्याकडे होती. मधल्या वर्षांत तिचं बाकी सगळं बदललं, ते सहा स्टड मात्र कुणी हलवले नव्हते. मी ते सांगितलं. ते खूश झाले. ती संधी साधून मी इतकी वर्षं मनात खुपत असलेलं विचारून टाकलं.

"मामा, कप फोडलेत, स्टड मोडलेत. मला मात्र साधं खरवडूनसुद्धा बघितलं नाहीत. मी एवढा बिनमहत्त्वाचा होतो?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. सौद्यात एखादा नवखा काहीतरी बोलून गेला की बघायचे, तसं.

"पावणं, शैलीनं सांगितलं, करीन तर ह्योच. मंजे तुमी एकच हुतासा. फोडून बघितलं असतं, तर पोरीला दिलं काय असतं?"