बी.एस्सी. झालो आणि पटाशी सुटली

बी.एस्सी.चा निकाल लागला त्याच संध्याकाळी आबांनी माझ्या हातातली लाकूड कोरायची पटाशी काढून घेतली. "आता ह्याला हात लावायचा न्हाय," म्हणाले. मला वाटलं, आनंदाच्या भरात बोलतायत, दोन दिवसांनी विसरतील. पण आबा विसरणाऱ्यातले नव्हते. माझे वडील एकदा बोलले की ते दगडावरची रेघ, मग समोर मुलगा असो नाहीतर गिऱ्हाईक.

उद्यमनगरात आबांचं पॅटर्नचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक पत्र्याची शेड, दोन लांब बाकडी आणि गुडघाभर भुसा. पॅटर्न म्हणजे काय, हे कोल्हापूरबाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. लोखंडाचा कुठलाही भाग ओतायचा तर आधी तो लाकडात घडवावा लागतो. तो लाकडी नमुना वाळूत दाबायचा, अलगद उचलायचा आणि मागं राहिलेल्या पोकळीत लोखंडाचा रस ओतायचा. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून लाकूड किंचित मोठं ठेवावं लागतं. वाळूतून उचलताना कड मोडू नये म्हणून बाजूंना थोडा उतार द्यावा लागतो. तेलाचं इंजिन असो, पंप असो, नाहीतर उसाचा चरक असो, त्याचा जन्म आधी आमच्या बाकड्यावर व्हायचा.

मी शाळेत असल्यापासून तिथं जात होतो. आधी भुसा गोळा केला, मग काच-कागद घासला, मग कोपऱ्यांत मेण भरायला शिकलो. कॉलेजात जाईपर्यंत पंपाची झाकणं आणि कप्प्या माझ्या मी करत होतो. ते काम मला मनापासून आवडायचं. वाळूचा साचा करणाऱ्या मोल्डरनं आपला पॅटर्न वाळूतून उचलला आणि खालची कड जशीच्या तशी उभी राहिली, की जो आनंद व्हायचा तो मला रसायनशास्त्राच्या कुठल्याही प्रयोगात मिळाला नाही. रसायनशास्त्र मी घेतलं, कारण आबांना दारात 'बी.एस्सी.' अशी पाटी हवी होती. आबा स्वतः चौथीपर्यंत शिकलेले. दुकान काढण्याआधी दुसऱ्याच्या कारखान्यात त्यांनी अर्धी हयात घासलेली. त्यांना नाही म्हणायचं धाडस आमच्या घरात कुणालाच नव्हतं.

निकालानंतर गल्लीत पेढे वाटले गेले आणि माझी पंचाईत सुरू झाली. दुकानात बसायला परवानगी होती, पण पेपर वाचायला. साधी फळी उचलली तरी आबा ओरडायचे, "ठेव खाली! तू काय हमाल हाईस व्हय?" एकदा शिरोळकडचा एक बागायतदार फुटलेला पंप घेऊन आला. मी तो बघितला आणि सहज म्हणालो, की ह्याची भिंत ह्या बाजूला पातळ आहे, नव्या पॅटर्नला तिथं जाडी वाढवू. तो माणूस आबांकडं वळून म्हणाला, "पोराला बरीच माहिती हाय की ओ मिस्त्री." आबा आधी लाजले, मग ताठ झाले. "छ्या, छ्या. त्यो बी.एस्सी. हाय पावणं, त्याला ह्यातलं काय सुदीक कळत न्हाय," म्हणाले. हे त्यांनी छाती फुगवून सांगितलं. आपल्या पोराला आपल्या धंद्यातलं काही कळत नाही, ह्याचा अभिमान बाळगणारा बाप मी तरी तोवर पाहिला नव्हता. पुढं बरेच पाहिले. त्या काळात आमच्याकडं घरोघरी तीच तऱ्हा होती. शेतकऱ्याच्या शिकलेल्या पोराला नांगर धरता येत नाही आणि चांभाराच्या शिकलेल्या पोराला टाका घालता येत नाही, हे लोक कौतुकानं सांगायचे.

मी अर्ज टाकत सुटलो. शाळेत गेलो तर म्हणाले बी.एड. पाहिजे. बिद्रीच्या बाजूला साखर कारखान्यात प्रयोगशाळेची जागा होती, तिथं म्हणाले अनुभव पाहिजे. औषधाच्या कंपनीनं विचारलं, अनुभव किती? पाण्यात उतरू द्यायचं नाही आणि पोहता येतं का विचारायचं, असला सगळा कारभार. मी चिडून एकदा घरी म्हणालो, "आबा, मला तुमच्या दुकानातला अनुभव आहेच की. तसं लिहून द्या." आबा जेवत होते. हातातला घास तसाच धरून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "बी.एस्सी. झाल्याला माझा पोरगा रंधा मारत हुता, आसं मी लिवून देऊ? लोकं श्याण घालतील तोंडात." विषय संपला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडं करणार? पदवी होती पण तिला अनुभव हवा होता, अनुभव होता पण तो पदवीला शोभत नव्हता. ह्या दोन्हींच्या मध्ये मी वर्षभर पेपर वाचत बसलो. त्या वर्षी मी जितके अग्रलेख वाचले तितके ते लिहिणाऱ्यांनीही वाचले नसतील.

आणि मग एक दिवस ती जागा निघाली. आमच्या ओळखीच्या एका फाउंड्रीच्या मालकाला पॅटर्नखात्यावर सुपरवायझर हवा होता. पुण्याच्या मोठ्या कंपन्यांची कामं येऊ लागली होती. त्यांच्या साहेबांशी इंग्रजीत बोलता येईल, ड्रॉइंग वाचता येईल आणि शिवाय लाकूडही कळेल, असा माणूस त्याला मिळत नव्हता. पदवीवाल्याला लाकूड कळेना आणि लाकूड कळणाऱ्याला ड्रॉइंगवरचं इंग्रजी. मला रात्रभर झोप आली नाही. ही जागा माझ्यासाठीच निघाली होती, ह्यात मला आजही शंका नाही.

आबांना मी येऊ नका म्हणालो होतो. पण ते इस्त्रीचा सदरा आणि नवी टोपी घालून माझ्या आधी दारात उभे. "वळखीचा मानूस हाय, मी शबुद टाकतो," म्हणाले.

मालकानं माझ्यापुढं एक ड्रॉइंग टाकलं. गिअरबॉक्सची पेटी होती. म्हणाला, "सांगा बघू, ह्याचा पॅटर्न कसा कराल?" मी कागद फिरवून पाहिला आणि बोलू लागलो. पॅटर्न कुठं दोन भागांत कापायचा, आतल्या पोकळीसाठी वाळूचा गाभा कुठं टेकवायचा, कुठली बाजू खाली ठेवायची. मालक पुढं सरकला. त्याचा चेहरा खुलला होता. "अरे वा! कुठं शिकलास हे?"

मी तोंड उघडायच्या आत आबा बोलले, "पुस्तकात वाचलं आसंल कुटंतरी. मी तर त्याला हत्याराला शिवू बी दिलं न्हाय कदी. लई जपून वाढिवलाय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी म्हणालो, "नाही साहेब, मी शाळेपासून दुकानात काम करतोय. एक लाकूड द्या, आत्ता करून दाखवतो."

"नोकरीसाठी बोलतोय त्यो," आबा हसत म्हणाले. "त्याला सायबाचं काम द्या. भुश्यातलं नगं."

मालक एकदा माझ्याकडं, एकदा आबांकडं बघत राहिला. सगळ्या उद्यमनगरात आबांची ख्याती होती, की मिस्त्री कधी खोटं बोलत नाहीत, माप चुकलं तर स्वतः सांगतात. ती ख्याती नेमकी त्या दिवशी माझ्या मुळावर आली. मालकानं ड्रॉइंगची गुंडाळी केली. "मिस्त्री, भुश्यात उभं राहिल्याबिगर हे काम होत नाही. अन् तुमची इच्छा दिसत नाही. तुमच्या मनाविरुद्ध मी पोराला कसा ठेवून घेऊ?" त्यानं चहा मागवला.

बाहेर पडलो तेव्हा मी रागानं धुमसत होतो. आबा मात्र मजेत होते. मला थेट गंगावेशीत घेऊन गेले. तिथं कट्ट्यावर म्हशी बांधलेल्या असायच्या आणि समोर धार काढून फेसाळ दूध ग्लासात द्यायचे. आबांनी दोन ग्लास घेतले, एक माझ्या हातात दिला.

"आबा, तुम्ही माझी नोकरी घालवलीत," मी म्हणालो. आजूबाजूचे लोक बघू लागले, इतक्या मोठ्यानं.

"घालिवली न्हाय. वाचिवलं तुला." आबांनी शांतपणे दुधाचा घोट घेतला. "तुला काम येतंय हे मला ठावं न्हाय व्हय? माज्यापरास चांगलं येतंय. म्हनूनच सांगिटलं न्हाय. येतंय म्हनलं आसतं, तर तुजी बी.एस्सी. ऱ्हायली आसती बाजूला, आन जलमभर तुज्याकडनं त्येच करून घेटलं आसतं. माज्याकडनं घेटलं तसं."

माझं काम चांगलं आहे, हे आबांच्या तोंडून मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. तेही ते कायमचं बुडवून झाल्यावर. मला रडू येत होतं आणि त्याचाही राग येत होता.

"मला तेच करायचंय, आबा. जन्मभर तेच करायचंय."

आबा आधी हसले. मग मी हसत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. ग्लास हातात तसाच राहिला. इतक्या वर्षांत त्यांच्या शेडमध्ये पोटासाठी आलेली माणसं त्यांनी पाहिली होती, दुसरं काही जमलं नाही म्हणून आलेलीही पाहिली होती. हे काम आवडतं म्हणून मागणारं त्यांना कुणी भेटलंच नव्हतं, आणि जो भेटला तो त्यांच्या पोटचा निघाला.

"तुला त्ये आवडतंय?" त्यांनी हळू विचारलं.

"व्हय."

आबांनी आपल्या ग्लासातलं उरलेलं दूध संपवलं. मग अगदी मनापासून, खरोखर कळत नाही म्हणून, त्यांनी मला विचारलं, "मग बी.एस्सी.चं काय करायचं?"

"ते तुम्हीच ठरवा," मी म्हणालो. "केली तुमच्यासाठी हाय."

माझ्या ग्लासातलं दूध मी प्यालो नाही. टाकायचं कसं, म्हणून तेही आबांनीच संपवलं आणि आम्ही घरी आलो.

त्या वर्षअखेर मला एका सरकारी कचेरीत कारकुनाची नोकरी लागली. आबांनी पुन्हा पेढे वाटले. त्या जागेला पदवी चालत होती. अनुभवाची अट नव्हती.