मधल्या टेकडीवरचा रेडिओ

किस्से गोळा करावे लागत नाहीत. हातात दोन-चार रेडिओ घेऊन मेंढपाळांच्या मागं फिरा, ते आपोआप साठतात!

परदेशातलं शिक्षण संपवून मी तेरजवळच्या आमच्या गावी परतले ती एक हट्ट घेऊन. मोबाईलला रेंज नसेल तिथूनही माणसाची हाक गावात पोचलीच पाहिजे. त्यासाठी हे डबीएवढे, लेखी निरोप धाडणारे रेडिओ. रेडिओ तेच, पण आतून ते चालवणारं फर्मवेअर दोन प्रकारचं. पहिल्यात प्रत्येक रेडिओ दुसऱ्याचा निरोप पुढं ढकलतो. दुसऱ्यात हे काम फक्त एका जागी पक्के बसवलेले रेडिओ करतात. कोणतं चांगलं, ते मेंढपाळ बिरूमामांच्या तळावर ठरणार होतं. तळ डोंगरात, आणि मामांच्या सुनेचे, काशीचे, दिवस भरत आलेले.

*

तिला म्हटलं, "काशी, गावात राहा की आता."

"घराला कुलूप, माणसं समदी हितं. गावात काय कुलपाशी बोलू?"

*

बटण दाबल्यावर जाणारा निरोप मी आधीच लिहून ठेवला होता : 'कृपया तातडीने मदत पाठवावी.'

मामांनी तो काशीकडून वाचून घेतला. "एवढं कृपया म्हणेस्तवर लांडगा मेंढरू घिऊन जाईल की!"

आता निरोप आहे : 'गाडी पाठवा.'

*

दुसऱ्या फर्मवेअरसाठी तळाजवळच्या बाभळीवर रेडिओ बांधला. झकास चालला! मग चारा संपला, तळ पुढं हलला. रेडिओ बाभळीवरच.

"मामा, हलायच्या आधी सांगायचं ना!"

"मेंढरांना इचार, पोरी. तीच ठरवत्यात."

दुसरं फर्मवेअर तिथंच बाद.

*

उरलं पहिलं. त्यात गाव आणि तळ यांच्या मधल्या टेकडीवर मेंढरं चारणाऱ्या धोंडिबाकाकांचा रेडिओ चालू असेल, तरच मामांचा निरोप गावात येणार. आणि काका तो बंद ठेवायचे! चराईच्या जागेवरून दोघांचं बोलणं तुटलेलं.

"काका, निरोप तुम्हाला दिसतसुद्धा नाही. नुसता पुढं जातो."

"त्येचा निरोप माझ्या खिशातनं? न्हाय जमायचं."

चाचणीत मी रेंज धरली होती, बॅटरी धरली होती. भांडण धरलं नव्हतं. त्या आठवड्यात मला धड झोप लागली नाही.

*

एका सकाळी गावात माझ्या रेडिओवर अक्षरं उमटली : 'गाडी पाठवा.'

काशी वेळेत दवाखान्यात पोचली, मुलगी झाली. पण किस्सा तो नाही. किस्सा आहे तिला आणायला जातानाचा.

आमची जीप मधल्या टेकडीखालून चालली होती. समोरच्या उतारावर मामांच्या तळावरची धावपळ तिथून स्पष्ट दिसत होती. आणि टेकडीच्या माथ्यावर धोंडिबाकाका उभे. काठीच्या टोकाला रेडिओ बांधलेला, काठी दोन्ही हातांनी आभाळात धरलेली. खाली त्यांची मेंढरं कुणाच्या तरी ज्वारीत शिरली होती, तिकडं लक्षच नाही.

मी खिडकीतून ओरडले, "काका, निरोप पोचला! बोलायला लागलात म्हणायचं मामांशी?"

"म्या कशाला बोलू त्येच्याशी?" काठी तसूभरही खाली आली नाही. "डबी बोलायलीय. तुमी गाडी हाका!"