जिन्याखालची चैत्रगौर

शैलजाताई पाटणकर मूळच्या सांगलीच्या. नवरा श्यामकांत चंडीगडच्या विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवायचे, म्हणून हाउसिंग बोर्डाच्या तीन मजली इमारतीत मधल्या मजल्यावर त्यांचा संसार. घरं सहा, जिना एक, आणि तळाशी जिन्यापुढे मोकळी पडवी. या पडवीत सगळ्यांच्या स्कूटर, सगळ्यांच्या कुंड्या आणि सगळ्यांची भांडणं गुण्यागोविंदानं नांदायची. चैत्रातला एक शुक्रवार मात्र शैलजाताईंचा. स्कूटर बाहेर काढायला लावून त्या तिथे चैत्रगौर मांडत आणि इमारतीतल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलवत. घरात दाटीवाटीनं बसवलेलं त्यांना खपायचं नाही.

सत्त्याऐंशी साली याच पडवीवरून नवं भांडण पेटलं. पेपर उघडला की पंजाबातल्या अतिरेक्यांच्या गोळीबाराच्या बातम्या, संध्याकाळी बाजार लवकर मिटायचा. तळमजल्यावरच्या नरेश भाटियांनी मनावर घेतलं, की पडवीला लोखंडी जाळी बसवायची आणि गेटला कुलूप घालायचं. चाव्या सगळ्या घरांना. मग स्कूटर आत की बाहेर, कुंड्या कुणाच्या हलवायच्या, रंग कोणता, यावर दर रविवारी बैठका झडल्या. शेवटी बाकीचे सगळे कसेबसे एका सुरात आले. अडल्या त्या वरच्या मजल्यावरच्या बीजी, महिंदर कौर. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा लुधियान्याला. "नहीं लगेगा," एवढंच त्या म्हणाल्या, कारण काही सांगेनात.

भाटिया गप्प बसतील तर ना! "सोचनेवाली बात है जी, इन्हें रास्ता खुला क्यों चाहिए?" हे ते भर जिन्यात बोलले, आणि आवाज तर असा की वरच्या मजल्यावर गेलाच पाहिजे. तो गेला. आठवड्याभरात कळलं, बीजी घर विकून मुलाकडे जाणार.

शैलजाताईंना ते पटेना. पहिल्या बाळंतपणात माहेरचं कुणी पोचायच्या आत हीच बाई बाळंतिणीला देतात ती तुपातली पंजीरी वाटीभर घेऊन उशाशी बसली होती. ती एका जाळीपायी जाणार? पदर खोचून त्या वर गेल्या.

"बीजी, घर मत बेचिए. चाबी आपके पास भी रहेगी, पक्का."

बीजी चहा गाळत होत्या. "चाबी की बात नहीं, पुत्तर. तू हर साल नीचे सबको बुलाती है. मैं ऊपर से देखती हूँ. पहले सोचा, भूल गई होगी. फिर चौरासी के दंगे हो गए. तब समझी, सरदारनी को बुलाते डरती है. मेरे लिए तो गेट कब का लगा हुआ है."

"नहीं बीजी, वो बात नहीं! हमारे में वो सिर्फ..." सांगलीच्या घरात नवरा गेलेल्या बाईला हळदीकुंकवाला बोलवत नसत. का, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. पाटावर बसताना मांडी घालावी इतकं ते अंगवळणी पडलेलं.

"जिसका आदमी हो, उसको?" बीजींनीच वाक्य पुरं केलं.

शैलजाताईंनी मान खाली घातली. बीजी आधी हसल्या. "लो! इतने साल मैं ग़लत बात पे नाराज़ रही." मग कप पुढे सारत म्हणाल्या, "पर बंदा गया, इसमें मेरा क्या कसूर?"

शैलजाताईंना स्वतःची लाज वाटली.

त्या चैत्रात पहिलं बोलावणं बीजींना गेलं. कुंकवाचं बोट पुढे करताना शैलजाताईंच्या डोळ्यांपुढे सासूबाईंचा चेहरा आला, पण त्यांनी हात मागे घेतला नाही. बीजींनी घर विकायचं रद्द केलं, जाळीलाही होकार दिला. पहाटे गुरुद्वाऱ्याला जाताना कुलूप त्याच काढायच्या. भाटियांनी जाळीला पोपटी रंग दिला, तो मात्र कुणालाच आवडला नाही.

पुढे काही वर्षांनी श्यामकांत हृदयविकारानं अचानक गेले. चैत्र आला तेव्हा शैलजाताईंनी करंडा कपाटात मागे सारला. आपण आता यातल्या नाही, असं त्यांनी मुकाट ठरवून टाकलं होतं. बीजींना दिलेलं कुंकू स्वतःपुरतं आठवलं नाही, मन असं आडमुठं असतं.

शुक्रवारी दुपारी खाली स्कूटर सरकवल्याचा आवाज झाला. बीजी भाटियांवर खेकसत होत्या. थोड्या वेळानं बेल वाजली. दारात बीजी, धापा टाकत, हातात स्टीलच्या दोन वाट्या. एकीत हळद, एकीत कुंकू.

"सब नीचे बैठी हैं. अपनी गौरी लेके चल."

शैलजाताई दोन पावलं मागे सरल्या. "बीजी, मैं अब कैसे..."

"क्यों? बंदा गया, इसमें तेरा क्या कसूर?"

शैलजाताई तिथेच उंबऱ्यावर बसून पोटभर रडल्या. बीजी वाट्या सांभाळत उभ्या राहिल्या. मग शैलजाताईंनी तोंड धुतलं, देवघरातली गौर उचलली आणि बीजींच्या मागोमाग जिना उतरल्या.