आबांच्या छुट्टीचे पास

माणूस शिस्तीचा असला की त्याच्या घरच्यांकडे किस्से फार साठतात. बेशिस्त माणसाचं रोजचंच असतं, त्याचा किस्सा कोण करणार? आमचे वडील, आबा, फौजेत हवालदार होते. आम्ही भावंडं दौंडला अक्काकडे जमलो की पहिला चहा व्हायच्या आत आबांचा विषय निघतो आणि स्वयंपाक राहतो बाजूला. अक्का थोरली, मी मधली, दत्तू धाकटा. किस्से तिघांचे तेच, पण दत्तू दर खेपेला त्यात भर घालतो. म्हणून म्हटलं, त्याच्या आधी आपणच लिहून ठेवावेत.

*

सुरुवात पासापासून. मोठ्या लढाईच्या वेळी आबा एकदा महिनाभराच्या छुट्टीवर शिरूरला आले होते. चौथ्या दिवशी तार आली. "लवकर येतो" म्हणून गेले, आणि पुढे दोन वर्षं त्यांचं पत्रसुद्धा नाही. ती दोन वर्षं कशी काढली हे आई कधी बोलली नाही. फक्त "लवकर" हा शब्द तिला चालत नसे. आमच्यातलं कुणी "लवकर येते" म्हणून निघालं, की ती दारात अडवून विचारायची, "कवा? ते सांग."

त्रेपन्न साली आबा पेन्शन घेऊन कायमचे घरी आले. आल्या दिवशीच त्यांनी आईला सांगितलं, "हितनं फुडं माझी साहेब तू. तुझ्या सहीबिगर मी शिरूरची हद्द सोडायचो न्हाई."

नवरे असं काहीबाही बोलतात म्हणून आईनं ते हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशी आबांना पाबळला जायचं होतं. सकाळी चुलीपुढे येऊन त्यांनी कडक सलाम ठोकला आणि कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर आखलेला पास पुढे केला. नाव, कुठे जाणार, कशासाठी, परत कधी हजर होणार, सगळे रकाने भरलेले. आईला लिहिता येत नव्हतं. तिनं तव्याच्या बुडाला अंगठा घासला आणि कागदावर उठवला. मग त्याच हातानं पुढची भाकरी थापली. त्या दिवशी आबांच्या पासावर सही होती आणि शिदोरीवरसुद्धा!

*

आमच्या घरी साडेपाचला अंथरुणाची घडी आणि सहाला तपासणी. तिघं रांगेत उभे. नखं, दात, पाटी. ढगाळ हवा, ताप, सणवार, काहीही चालायचं नाही.

एकदा मामा, म्हणजे आईचे भाऊ, राहायला आले. ते दौंडला रेल्वेत फायरमन, इंजिनात कोळसा टाकायचं काम. आठवडाभर रात्रपाळ्या करून केवळ झोपायला म्हणून आले होते. "दाजी, मी पाव्हणा हाय. मला उठवू नका," त्यांनी आदल्या दिवशीच बजावलं. आबा "बरं" म्हणाले.

आणि खरंच त्यांनी मामांना उठवलं नाही. फक्त त्या दिवशीची तपासणी मामांच्या उशाशी घेतली. दत्तूला एकोणतिसाचा पाढा मोठ्यानं म्हणायला लावला, आणि तो चुकला म्हणून परत पहिल्यापासून. मामा पुढे सगळ्यांना सांगायचे की इंजिनावर उभ्या उभ्या झोप लागते, पण बहिणीच्या घरी आडवं पडून लागत नाही.

*

आई माहेरी जायची तेव्हा पास नसायचा. साहेबाला कोण पास देणार? ती चार दिवसांसाठी दौंडला गेली. दुसऱ्याच दिवशी दुपारी मामांच्या क्वार्टरपुढे आबा हजर, मागे आम्ही तिघं उंचीप्रमाणे. त्यांना म्हणे कुरकुंभला देवीला जायचं होतं आणि सही द्यायला साहेब घरी नव्हत्या. म्हणून सहीसाठी यावं लागलं.

आईनं पास हातात घेतला आणि विचारलं, "आन् हितवर कुणाच्या सहीनं आलात?"

हा मुद्दा आबांच्या ध्यानातच आला नव्हता. मग टाचा जुळवून त्यांनी गुन्हा कबूल केला. शिक्षा अशी ठरली की आई आहे तोवर मामांच्या घरचं पाणी आबांनी भरायचं. म्हणजे तेवढे दिवस दौंडलाच मुक्काम! आबांनी जन्मात इतक्या खुशीनं शिक्षा भोगली नसेल. मामींचं म्हणणं असं की गुन्हा आणि शिक्षा दोन्ही ते शिरूरहून ठरवूनच आले होते.

*

अक्काला बघायला दौंडची मंडळी यायची होती. वेळ दहाची. ती आली साडेनऊला. आबांनी पाहुण्यांना लिंबाखाली बसवलं, पाणी दिलं आणि दार लावून घेतलं. आत आई कपाळाला हात लावून बसली. मुलाचे वडील बाहेर चिडले होते, उठून जायची भाषा करत होते. अक्का पातळाच्या निऱ्या हातात धरून रडायच्या बेतात.

तेवढ्यात मुलाचा आवाज आला. तो घड्याळ बघून आपल्या वडिलांना सांगत होता, "बसा. आपलंच चुकलंय. अजून सात मिन्टं हायती."

आमचे आबा दाराआड उभे होते. त्यांनी वळून आईला सांगितलं, "पोरगा पसंत हाय." तिकडे त्यांनी अजून मुलगी बघायची होती.

*

आईचा काळा अंगठा भाकरीवर, पातळावर, दत्तूच्या गालावर उठायला लागला, तेव्हा मी तिला सही शिकवली. फक्त नाव, बाकी काही शिकायला ती तयार नव्हती. "मला काय चिठ्ठ्या ल्हायच्यात?" म्हणायची. महिनाभर चुलीपुढच्या राखेत ती बोटानं गिरवत होती.

पहिली सही तिनं केली ती वढूला एका लग्नाला जायच्या आबांच्या पासावर. आबांनी तो कागद लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला, मग घडी करून ट्रंकेत ठेवून दिला. वढूला काही ते गेले नाहीत. पास वापरला की तो जुना होतो, असं त्यांचं म्हणणं. त्या लग्नाची आमची पंगत बुडाली, त्याचं दत्तूला अजून वाईट वाटतं.

*

आता शेवटचा. हा सांगताना दत्तूसुद्धा मध्ये बोलत नाही.

पासष्टला लढाई सुरू झाली. शेजारी हमीदचाचांचं शिंप्याचं दुकान होतं. तिथल्या रेडिओपुढे आबा बातम्या ऐकायला उभे राहायचे, बसायचे नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी जुना युनिफॉर्म काढला. तो पोटावर बसेना, तेव्हा चाचांनी दोन्ही बाजूंना पट्टी जोडून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा तो चढवून, काळी ट्रंक घेऊन चुलीपुढे उभे राहिले आणि पास पुढे केला. मी वाचून दाखवला. कुठे: दौंड, आणि तिथून हुकूम होईल तिथे. कशासाठी: लढाई. परत कधी हजर: पुढे काहीच नाही.

आईला सहीपलीकडे अक्षर ओळखू येत नव्हतं, पण मोकळी जागा ओळखू येत होती.

"हितं काय न्हाई ल्हिलं," ती म्हणाली.

"ते सांगता येत न्हाई. लढाई हाय."

"मग म्या सही कशावर करू?"

"लवकर..." आबा म्हणाले, आणि तिथेच थांबले.

आईनं पदराला हात पुसले आणि कागद माझ्यापुढे ठेवला. "लिही. आज दिवेलागणीच्या आत."

मी लिहिलं. माझं अक्षर इतकं वाईट कधी आलं नव्हतं. खाली आईनं सावकाश सही केली. आबांनी ते वाचलं, सलाम केला, ट्रंक उचलली आणि दौंडची एसटी धरली.

दौंडला त्या दिवशी काय झालं ते आबांनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही. शिरूरला काय झालं तेवढं मला माहीत आहे.

संध्याकाळ झाली, दौंडची गाडी आली नाही. गल्लीत घरोघरी कंदील लागले. आईनं आमच्या कंदिलाची काच पुसून, वात कातरून तो उंबऱ्यात ठेवला होता. काडेपेटी तिच्या मुठीत. घरात अंधार पडला. दत्तू पाटाला दोनदा ठेचकाळला. हमीदचाचांच्या घरून चाची आल्या. "दिवा न्हाई लावला व्हय आज?"

"अजून दिवेलागण झाली न्हाई," आई म्हणाली.

चाचींनी एकदा तिच्या मुठीकडे पाहिलं आणि त्या परत गेल्या. थोड्या वेळानं त्यांच्या घरातलाही कंदील विझला.

मग बुटांचा आवाज आला. आबा अंगणात थांबले. ट्रंक खाली ठेवल्याचं ऐकू आलं, टाचा जुळल्याचं ऐकू आलं.

"गाडी पंक्चर झालती," ते म्हणाले. "येळेत हाय न्हवं?"

आईनं काडी ओढली.

"व्हय," ती म्हणाली. "आत्ताच लावतीय."