पेणमध्ये डोळे आखताना

पेण मला फक्त अलिबागच्या एसटीच्या खिडकीतून ठाऊक होतं. कॉलेजच्या प्रकल्पासाठी तिथल्या गणपतीच्या कारखान्यात गेले, तेव्हा कुणी माझ्याशी बोलेल का, हीच धास्ती होती. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. मूर्ती रंगवणाऱ्या मावशींना भीतभीत प्रश्न विचारला. त्यांनी मानही वर केली नाही. बाकीच्या बायकाही गप्प. मी निघू लागले, तेवढ्यात मावशींनी ब्रश ठेवला.

"चाललीस कुठं गं? डोळे आखताना आम्ही श्वासपण सोडत न्हाय. बस, आता विचार!"

मग सगळ्याच एकदम बोलू लागल्या. पुढच्या कारखान्याच्या दारात मी आपणहून थांबले आणि ब्रश खाली ठेवला जाईपर्यंत मूर्तीचे डोळे उमलताना बघत राहिले.